मळखाऊ

साहेबांनी बोलावून घेतलं आणि बसायला सांगितलं, तेव्हाच धाकटीला कळलं की काहीतरी संपलेलं आहे. एरवी साहेब उभ्याउभ्याच बोलायचे.

"नव्या गाड्यांना प्लास्टिकच्या सीटा येणार आहेत," ते म्हणाले. "फडकं मारलं की झालं काम. या वर्षाअखेर आपलं बसचं कापड बंद."

"बरं."

"तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळायला नको म्हणून स्वतः सांगतोय. तुमचाच नमुना ना तो."

"चालायचंच," धाकटी म्हणाली.

तिला खरोखरच काही वाटलं नाही. खुर्ची मऊ होती, पंखा फिरत होता, आणि आपल्याला इथे आणखी थोडा वेळ बसू दिलं तर बरं होईल, एवढंच तिच्या मनात आलं.

पन्नाशी केव्हाच ओलांडलेल्या बाईला धाकटी म्हणतात याचं नवख्या माणसाला हसू यायचं. घरात दादाच्या पाठची म्हणून ती धाकटी, आणि गिरणीत कुणीतरी एकदा तिच्या आईचा फोन घेतला, "आमच्या धाकटीला द्या जरा" हे ऐकलं, तेव्हापासून सगळ्या गिरणीची धाकटीबाई. जाड, लवदार कापड विणणारी ही गिरणी होती. सीटांचं, सोफ्यांचं, पडद्यांचं. धाकटीचं काम नमुने काढण्याचं. आधी कागदावर, मग कॉम्प्युटरवर, मग यंत्रमागावर नमुन्याचा हातभर तुकडा निघाला की तो उजेडात धरून बघायचा.

बसचं कापड तिने तरुणपणी केलं होतं. गडद निळ्या जमिनीवर एका बाजूला कललेला काळा चौकोन, त्याला खेटून फिकट पिवळं अर्धवर्तुळ, आणि मधूनमधून लाल आखूड पट्ट्या. तेव्हाच्या साहेबांची अट एकच होती. "मळखाऊ पाहिजे. चहा सांडला, पोरांनी बूट टेकवले, तरी दिसता कामा नये." काहीच दिसलं नाही. वीसपंचवीस वर्षं अख्खं गाव त्या कापडावर बसून कामाला गेलं, दवाखान्यात गेलं, एकमेकांच्या खांद्यावर झोपलं, आणि त्यावर काय काढलं आहे ते कुणी वाकून बघितलं नाही.

फक्त आईने बघितलं होतं.

त्या दिवशी धाकटी साहेबांच्या खोलीतून बाहेर आली, उरलेलं काम उरकलं आणि घरी गेली. आईला उठवून बसवलं, तिच्या गुडघ्यांना तेल लावलं, गोळ्या दिल्या, भात टाकला. कापड बंद होणार हे सांगायचं तिच्या जिवावर आलं. सांगितलं असतं तर आई म्हणाली असती, "सुटलं एकदाचं." आणि ते ऐकायची ताकद त्या संध्याकाळी धाकटीत नव्हती.

आई चित्रकार होती. होती म्हणजे अजूनही होती, पण बोटं वळत नव्हती आणि ब्रश हातात धरून पुष्कळ वर्षं झाली होती. चित्रकलेच्या शाळेत असताना तिच्या सरांनी एक जुनं मासिक वर्गात आणलं होतं. दूरच्या एका देशात, आईच्या जन्माच्याही आधी, काही चित्रकार माणसं, झाडं, घरं काढायचं सोडून नुसते चौकोन, वर्तुळं, पट्टे काढायला लागले, त्यांच्याबद्दलचा लेख होता. सोबत आगपेटीएवढी काळीपांढरी छायाचित्रं. बाकीच्या मुली हसल्या. आईने ते मासिक घरी नेलं आणि परत करायला ती पुढे महिनाभर विसरली.

त्यातलं एक चित्र तिला धरून बसलं. कललेला चौकोन, अर्धवर्तुळ, आखूड पट्ट्या. रंग कोणते ते सरांनाही ठाऊक नव्हतं. छायाचित्रात सगळंच करडं. मग आईने स्वतःचे रंग घातले. चौकोन काळा, अर्धवर्तुळ पिवळं, पट्ट्या लाल. तेच चित्र तिने आयुष्यभर काढलं. कधी चौकोन वर, कधी खाली, कधी दोन चौकोन एकमेकांकडे पाठ करून. दोनदा प्रदर्शनं झाली. एकदा वर्तमानपत्रात आलं की ही परदेशी उसनवारी आहे. दुसऱ्यांदा काहीच आलं नाही. पोटासाठी ती मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवायची. मडकी, पानं, मडक्यात ठेवलेली पानं.

धाकटीने लहानपणापासून तो चौकोन बघितला होता. जेवताना समोर, झोपताना डोक्यावर. साहेबांनी मळखाऊ नमुना मागितला तेव्हा तिचा हात आपसूक तिकडेच गेला. चोरी करतोय असं तिला वाटलं नव्हतं. आईला आनंद होईल असं वाटलं होतं. म्हणून तिने आधी काहीच सांगितलं नाही.

त्या कापडाच्या सीटांच्या गाड्या पहिल्यांदा रस्त्यावर आल्या त्या आठवड्यात आई बसमध्ये चढली, सीटकडे बघितलं, आणि पुढच्या थांब्यावर उतरून घरापर्यंत चालत आली. धाकटी घरी पोचली तेव्हा आई स्वयंपाकघरात उभी होती.

"माझ्या चित्रावर लोकांची ढुंगणं टेकवलीस," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. तो तिने कधीच चढवला नव्हता.

त्यानंतर आई बसमध्ये बसली नाही. बस सोडली नाही, बसणं सोडलं. दांडा धरून उभी राहायची. कुणी उठून जागा दिली तर "मला लांब जायचं नाही" म्हणायची आणि शेवटच्या थांब्यापर्यंत उभी. बाबा होते तेव्हा याच्यावर त्यांची गंमत चालायची. मुद्दाम त्याच बसने जाऊन यायचे आणि दारातून सांगायचे, "आज तुझ्या चौकोनावर बसून आलो. मऊ आहे हो." आई त्यांच्याकडे बघायचीही नाही, पण चहात साखर नेहमीपेक्षा कमी पडायची. मग बाबा गेले, आईचे गुडघे गेले, आणि तिचं बाहेर पडणंच थांबलं. दादा दुसऱ्या शहरात होता. तो फोनवरून आईची काळजी घ्यायचा. उरलेली धाकटीकडे होती.

कापडाची बातमी तशीच पोटात राहिली, आणि त्यावर आणखी एक बातमी आली. गावच्या कलासंग्रहालयातून एका बाईचा फोन. त्या जुन्या चित्रकारांचं मोठं प्रदर्शन येतंय, त्यांच्या पावलावर पाऊल टाकून गेलेल्या इथल्या लोकांचंही काम सोबत लावायचंय, आईंची चित्रं शिल्लक आहेत का?

एक होतं. कपाटामागे. बाकीची ओलीने गेली होती.

"आणि आजींना सांगा," बाई म्हणाली, "तो कललेला चौकोन येतोय. मूळचा."

धाकटीने आईला सांगितलं. आई खिडकीशी बसली होती, बसूनच राहिली.

"चित्र न्या म्हणावं," शेवटी ती म्हणाली. "मला कुठे यायला सांगू नका."

दादाचा फोन आला. "अगं, तिला नेऊ नकोस हं. पडली-बिडली तर कोण बघणार?"

"मीच बघणार, दादा."

"तेच म्हणतोय मी."

खरं तर मूळ चित्राचे रंग धाकटीला माहीत होते. गिरणीत कॉम्प्युटर आला त्याच वर्षी तिने शोधून काढलं होतं. आईला दाखवू का विचारलं, तर आईने मान फिरवली होती. "छापलेला रंग खोटा असतो. पडद्यावरचा त्याहून खोटा." त्यात तथ्य होतं, कारण ते चित्र दर ठिकाणी निराळं दिसत होतं. धाकटीने तो विषय तिथेच सोडला. पण एक गोष्ट सगळीकडे सारखी होती. चौकोन काळा नव्हता. हे तिने आईला कधी सांगितलं नाही. आधी राग होता म्हणून, नंतर कंटाळा म्हणून, आणि मग इतकी वर्षं लोटली की सांगण्यात काही अर्थ उरला नाही.

चित्र नेऊन बरेच दिवस झाले. भिंतीला कलती टेकवून ठेवलेल्या इस्त्रीच्या फळीकडे बघत आई एका सकाळी म्हणाली, "चौकोनाचा रंग कोणता आहे, त्या बाईला विचार."

धाकटीने फोन उचलला.

"नको. ठेव." आई काठीला हात घालत म्हणाली. "जाऊ या आपण."

संग्रहालयाने गाडी पाठवायचं कबूल केलं होतं. दुपारी आई इस्त्रीची साडी नेसून, केस बांधून, खुर्ची दारात ओढून तयार बसली. गाडी आली नाही. ड्रायव्हरचा फोन लागला तेव्हा कळलं, गाडी नदीपलीकडे बंद पडली आहे, दुसरीची सोय करतोय, तासभर लागेल. आई म्हणाली, "तासाभरात माझा पाय आखडेल. बसने जाऊ."

दोघी हळूहळू थांब्यापर्यंत गेल्या. बस रिकामीच होती. आईने दांडा धरला आणि उभी राहिली. धाकटी तिच्या मागे, पडली तर धरायला हात तयार ठेवून. एक थांबा गेला. पुढच्या वळणावर ड्रायव्हरने ब्रेक दाबला आणि आईचा गुडघा लटपटला. तिने दांडा सोडला नाही, पण ओठ पांढरे पडले.

"बस ना, आई."

आईने सीटकडे बघितलं. मग काठी धाकटीच्या हातात दिली, पाठ फिरवली आणि अलगद टेकली. धाकटी शेजारी बसली. समोरच्या सीटच्या पाठीवर तोच नमुना होता, लव झिजून गेलेला. आईने त्यावरून बोट फिरवून बघितलं.

"हा पिवळा एवढा फिका का?"

"आणखी पिवळा घेतला की मळ दिसतो."

"आणि लाल पट्टी चौकोनाला चिकटलीये. मध्ये जागा सोडायची होतीस. तिला श्वास घेता येत नाही."

"तेवढी बारीक फट मागावर येत नव्हती. दोनदा करून बघितलं. मधला धागा फुगतो."

"हं."

बस चौकात थांबली. एक माणूस चढला, मागे जाऊन बसला.

"चौकोन माझ्यापेक्षा कमी कललाय," आई म्हणाली.

"तुझ्याइतका ठेवला असता तर जोडावर जोड बसला नसता. सीट शिवताना नमुना तुटायचा."

आईने पुन्हा चौकोनाकडे बघितलं. "बरं केलंस," ती म्हणाली. "माझा जरा जास्तच कललेला आहे. आता पडतो की मग पडतो असा."

हे ऐकायला मिळावं म्हणून धाकटीने एके काळी काय दिलं नसतं. आता ते कानावर आलं, आणि तिला एवढंच जाणवलं की मान खिडकीच्या काचेला टेकवली तर लगेच डोळा लागेल. तिने मान टेकवली नाही. पुढच्याच्या पुढच्या थांब्यावर उतरायचं होतं.

"हे कापड बंद होतंय," ती म्हणाली. "प्लास्टिक येणार."

आईने तिच्याकडे वळून बघितलं. "कधी कळलं?"

"झाले दिवस."

"मला बोलली नाहीस."

"तू सुटलं म्हणाली असतीस."

आई परत समोर बघायला लागली. "म्हणाले असते," ती म्हणाली.

संग्रहालयात थंडगार होतं. फोन करणारी बाई धावत आली, गाडीबद्दल चारचारदा माफी मागितली, चाकाची खुर्ची आणवली. आईने खुर्चीत बसायला नकार दिला नाही, त्यावरून ती किती दमली आहे ते धाकटीला कळलं.

आईचं चित्र बाजूच्या दालनात होतं. साफसूफ करून, नव्या चौकटीत, खाली आईच्या नावाची पाटी. घरातल्या कपाटामागून ते चोरून आणल्यासारखं धाकटीला वाटलं. इथे त्याचा लाल जास्त लाल होता. एक जोडपं समोर उभं होतं.

"अगं, हे बसच्या सीटसारखं नाही वाटत?" नवरा म्हणाला.

बायकोने निरखून बघितलं. "सारखं काय, तेच आहे. बसवरून उचललं असणार. आजकाल काहीही लावतात."

धाकटीने तोंड उघडलं. खुर्चीतून आईचा हात आला आणि तिच्या मनगटावर पडला.

"राहू दे," आई म्हणाली. "चल पुढे."

संग्रहालयाच्या बाईला ते ऐकू गेलं होतं. तिचा चेहरा उतरला. तेवढ्यात कॅमेरा घेतलेला एक माणूस आला, म्हणून तिने घाईघाईने विषय बदलला. "आजी, आज इतक्या वर्षांनी मूळ चित्र बघणार तुम्ही. काय वाटतंय?"

"पाय दुखतायत," आई म्हणाली.

मोठ्या दालनात एका भिंतीवर ते एकटंच होतं. धाकटीला आधी ते सापडलंच नाही, कारण तिच्या डोक्यात ते दाराएवढं होतं. प्रत्यक्षात एखाद्या ताटाएवढं. रंग भेगाळलेला, कडेचा पांढरा पिवळट पडलेला. आई काठी टेकत खुर्चीतून उठली. रखवालदार पुढे झाला, बाईने त्याला हातानेच थांबवलं.

आई चित्रासमोर उभी राहिली. धाकटी चित्राकडे न बघता आईकडे बघत होती. आयुष्यभर ज्याला काळा समजलो तो काळा नाही, हे कळताना माणसाचं काय होतं, ते तिला बघायचं होतं आणि बघायचं नव्हतंही.

"हिरवा आहे," आई म्हणाली.

"हो."

"तुला माहीत होतं."

"हो."

आईने मान हलवली. मागे लोक जमले, थोडे पुढे सरकले, निघून गेले. मग आईने काठी न उचलता, नुसत्या हनुवटीने चित्राच्या खालच्या कोपऱ्याकडे दाखवलं.

"इथे बघ. इथे तो दमलाय."

धाकटीने वाकून बघितलं. तिथे ब्रशचे फटकारे विरळ झाले होते. वर चौकोन काठोकाठ, नीट भरलेला, आणि खाली कोपऱ्यात हिरव्यामधून कापड दिसत होतं. कुणाला तरी दिवसभराच्या कामानंतर शेवटचा तुकडा उरकायचा होता आणि तो त्याने उरकला होता. मासिकातल्या आगपेटीएवढ्या छायाचित्रात हे दिसणं शक्यच नव्हतं.

"मी तो कोपरा नेहमी घोटून घोटून भरला," आई म्हणाली. "दर वेळी. वाटायचं, त्याने केवढं घोटलं असेल."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. तिने आणखी थोडा वेळ बघितलं आणि म्हणाली, "बसव आता मला."

"वाईट वाटलं का?" धाकटीने खुर्ची पुढे घेत विचारलं.

"कशाचं? त्याचा हिरवा चांगलाच आहे." आई टेकली. "पण माझा काळाही काही वाईट नाही. त्या पिवळ्याशेजारी हिरवा टिकला नसता."

"कापडावरही नसता टिकला," धाकटी म्हणाली. "उन्हात उडाला असता."

"मग झालं तर."

परतताना संग्रहालयाची गाडी मिळाली. आई गाडीत झोपली. धाकटीला तिला जागं करून जिना चढवायला शेजाऱ्यांना हाक मारावी लागली.

दुसऱ्या दिवशी आईला ताप भरला. डॉक्टर म्हणाले, दगदग झाली आहे, वयच आहे. दादा फोनवर ओरडला. धाकटीने रजा टाकली. आठवडाभर ती आईच्या पलंगाशी होती. कपाळावर पट्ट्या, तासातासाने पाणी, चादरी बदलणं, धुणं. गिरणीतून साहेबांनी विचारलं, बसचं शेवटचं ठाण मागावरून उतरतंय, बघायला येता का? ती म्हणाली, तुम्हीच बघा. दवाखान्याच्या पडद्यांचं नवं काम आलंय, परत आल्यावर ते घ्या, असंही ते म्हणाले. तिने घेते म्हटलं.

ताप उतरला, आई उठून बसायला लागली, वरणभात मागून घेऊ लागली. त्या दुपारी धाकटी तिच्या शेजारी पलंगावर जरा आडवी झाली. पाच मिनिटं, असं म्हणून. नंतर तिला झोपेतच दाराची बेल ऐकू आली. उठायला हवं, हे तिला कळत होतं. हातपाय हलत नव्हते. मग काठीचा आवाज ऐकू आला, पलंगापासून दारापर्यंत, एकेक पाऊल थांबत. दाराची कडी. संग्रहालयाच्या बाईचा आवाज. ते चित्र कायमचं ठेवून घ्यायची संग्रहालयाची इच्छा आहे, त्यासाठी ती स्वतः आली होती, आणि धाकटीबाईंशीही बोलायचं होतं.

"ठेवा," आईचा आवाज आला. हळू, जवळजवळ कुजबुजल्यासारखा. "पण आत्ता बसायला सांगत नाही तुम्हाला. ती झोपलीये."

"मी थांबते ना आजी, त्या उठेपर्यंत."

"नको. बोलण्याने जाग येईल तिला. परवा या."

दार लागलं. काठी परत पलंगाकडे यायला लागली, वाटेत एकदा थांबली, बहुतेक खुर्चीला धरून. एरवी धाकटी उठून तिला धरायला गेली असती. आज तिने डोळे उघडले नाहीत. गादी एका बाजूला दबली, पायांवर पांघरूण आलं, वाकडंतिकडं, एक पाय उघडाच राहिला.

"कोण होतं?" तिने विचारलं.

"कुणी नाही," आई म्हणाली. "झोप."

धाकटीने उघडा पाय आत ओढून घेतला आणि कुशीवर वळली.